पोटात दुखतं

मार्चपासून मृण्मयीच्या पोटात दुखतंय.
नेमकं साडेसहाला,
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत लोकमान्य नगरात वळते तेव्हा.
आधी ओवा दिला,
मग हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती,
मग सोनोग्राफी.
सगळं नॉर्मल, असं रिपोर्टात होतं.
मी तो रिपोर्ट तिच्यासमोर
चोरीच्या पुराव्यासारखा धरला.

हेमांगी म्हणाली, नाटकं आहेत.
मग म्हणाली, नाटकं नसतील.
मग एका रात्री ताटावरून उठता उठता म्हणाली,
ही हल्ली भांडते तरी,
तू तर भांडतही नाहीस.
ते मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं,
शेजारच्यांचा नळ ऐकावा तसं.

पोरीने चित्रांची वही निळ्या डब्यात टाकली.
या शहरात ओलं कुठे, सुकं कुठे,
काच कुठे, मेलेली बॅटरी कुठे,
हे लहान मूलसुद्धा झोपेत सांगेल.
वहीत कोरी पानं बरीच होती.
ती फाडून मी वाण्याच्या हिशेबाला ठेवली.
इतकंच सुचलं.

गीता भवनाजवळ, औषधाच्या दुकानावर, दुसरा मजला.
डॉक्टर नीमा.
अंगात पांढरा कोट नाही, टेबलावर एक पिवळा पेरू.
मांजराला पलंगाखालून बाहेर बोलवावं
तशा हळू बोलत होत्या, हिंदीत.
नींद आती है बेटा?
येते, पण तीनला जाग येते.
टेबलाखाली मी करंगळी मिटली.
का, ते विचारू नका.
आधी जे आवडायचं, ते आता आवडतं?
अनामिका.
बारीकसारीक गोष्टींचा राग येतो?
मधलं बोट.
लक्ष लागतं?
परवा तीन नंबरच्या जागी मी चार नंबरचा फीडर पाडला,
अर्धं सुखलिया वीस मिनिटं अंधारात.
साहेब म्हणाले, भिया, ध्यान किधर है?
मी हसलो होतो.
तर्जनी.

असं कधी वाटतं का,
की आपण नसतो तर घरच्यांना बरं झालं असतं?

एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.
मृण्मयी म्हणाली, थोडंसं.
पोळीवर तूप किती, असं विचारल्यावर सांगावं
तसं. थोडंसं.
अकरा वर्षांची आहे.

माझी मूठ झाली होती.

मग त्यांनी नाव सांगितलं आजाराचं.
नाव मला ठाऊक होतं, पेपरात येतं अधूनमधून.
पण आमच्या घराण्यात ते कुणाला झालेलं नाही.
आमच्यात पित्त होतं.
बापूकाका दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसले,
ते पित्त.
आई एका नवरात्रात उठेनाशी झाली,
देवापुढचा दिवा शेजारच्या पुष्पाभाभींनी लावला नऊ दिवस,
तो अशक्तपणा.
माझं काय म्हणायचे कोण जाणे.
स्वभाव म्हणत असतील.

रिक्षात ती खिडकीच्या बाजूला बसली.
बाबा, तुमची किती मिटली?
काय?
बोटं. मी पाहिली.
पलासियाचा सिग्नल, लाल आकडा एकशेदहापासून खाली येत होता.
रिक्षावाला इंजिन बंद करून मान चोळत होता.
नव्वदला मी म्हणालो, पाच.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
माझी चार, म्हणाली,
आणि एक थोडंसं.

पुढच्या मंगळवारचे दोन नंबर लावलेत.
फोनवरच्या मुलीने विचारलं, दूसरा बच्चा कितने साल का है?
बेचाळीस, म्हटलं.
ती हसली, मग हसायची थांबली, मग वेळ सांगितली.

पण ते नंतर.
त्या दिवशी घराच्या आधी ठेल्यावर थांबलो.
तिने पोह्यांवरची शेव तेवढी वेचून खाल्ली
आणि प्लेट माझ्याकडे सरकवली.
मी खात राहिलो.
जिरावण जास्त झालंय ना, म्हणाली.
हो का, म्हटलं.
मला लागलंच नव्हतं.