साडेसात

ताश्कंद ते सोल:
चार हजार आठशे आणि वर काही किलोमीटर.
तिकिटांच्या मुलीनं पडदा माझ्याकडे वळवला.
एक सरळ रेघ. खाली डोंगर, वाळू, सगळा चीन.
"जायला सहा तास, मावशी, यायला साडेसात."
रस्ता तोच ना गं?
"तोच. पण येताना वारा समोरून असतो."

एकतीस वर्षं कुयल्युकच्या बाजारात
मी गाजरं किसतेय.
लसूण, धणेपूड, व्हिनेगर, वरून कडकडीत तेल.
सासऱ्यांना लहानपणी आगगाडीत घालून
इथं आणून सोडलं, तेव्हा कोबी मिळेना,
म्हणून गाजर.
ते अंतर त्यांनी किलोमीटरात कधी सांगितलं नाही.
म्हणायचे, बत्तीस दिवस आणि एक बहीण.

निघताना शेजारच्या गाळ्यातल्या मुहब्बतनं
नान पुढं केला. एक घास तोडायचा,
उरलेला खिळ्याला टांगायचा,
परत येऊन संपवायचा. इथली रीत आहे.
माझ्या घरी भिंतीवर गेरमानचा नान आहे,
चार वर्षांचा. आता वाजतो.

सोलमध्ये माझी कोरियन ऐकून टॅक्सीवाला हसला.
म्हणाला, असं माझी पणजी बोलायची.
आन्सानला घरमालकिणीनं डब्यात डोकावून विचारलं,
हे काय?
आमच्याकडे हिला कोरियन कोशिंबीर म्हणतात, मी सांगितलं.
तिनं चव घेतली, खूप नम्रपणे.

गेरमान प्लास्टिकची झाकणं दाबतो, रात्रपाळीला.
फोनवर बोलायचा तेव्हा फोन डाव्या हातात धरायचा,
म्हणून डावा हात
मला चार वर्षं दिसलाच नव्हता.
पहिल्या रात्री भाताचा वाडगा उचलताना दिसला.
मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.
भात चांगला झाला होता.

तीन आठवड्यांनी विमानतळावर
मीच म्हटलं, पुन्हा सांग रे, किती तास?
मला ठाऊक होतं. उगीच.
त्यानं उजवा पंजा उघडला: पाच.
मग डावा. अंगठा, सहा.
तर्जनी, सात.
मग मधलं बोट,
पेरापाशी संपलेलं.
आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो,
मग तो हसला, आणि मीही,
आणि मागच्या माणसानं बॅग पुढं ढकलली.

वारा खरोखरच समोरून होता.

मुहब्बतनं खिळ्यावरचा नान काढून दिला,
चहात बुडवला तरी दाताला लागत होता.
किती लांब आहे गं ते?
गाजराचे हात तसेच वर केले मी.
पाच. सहा. सात.
आणि एक बोट मधेच दुमडलं.

"साडेसात?" ती म्हणाली,
"म्हणजे काही फार नाही."