शंभराचं पेट्रोल

राईस मिल गुरुवारी बंद असते.
देवांगना म्हणाली, "चाल वो, कुठं तरी जाऊ.
नागपूरले नको. तिथं पैसे अन् चपला
दोन्ही झिजते."
मग स्कुटीत शंभराचं पेट्रोल टाकलं
आणि ठरवलं, जिथवर ते नेईल
तिथवरच आज जग.

आधी बंगाली कॅम्प.
कागदावर गावाचं नाव वेगळं आहे,
पण पन्नास-साठ वर्षं झाली तरी
एसटीचा कंडक्टर "कॅम्पवाले उतरा" असंच ओरडतो.
बांबूची कुंपणं, दारात तुळस,
घरामागे ज्याचं त्याचं छोटं तळं.
मिनोती हालदारच्या खानावळीत चार पाट, एक बाक.

मी ढिवराची पोरगी.
मासोळी मला कोणी शिकवावी?
रोहू तर इटियाडोहचाच,
माझ्या भावाच्या जाळ्यातला असेल कदाचित.
पण इथं तो ताटात आला
मोहरीची पिवळी शाल पांघरून,
सत्कार झालेल्या हेडमास्तरासारखा.
नाकात झिणझिण्या आल्या. मी भात दोनदा मागितला.

बाहेर बांधावर शिंदीची झाडं, गळ्यात मडकी.
देवांगना कानाशी लागली,
"सकाळपासूनच पितेत काय वो हे?"
मिनोतीने हसत कढईकडे बोट केलं.
रस आटत होता, तांबूस, घट्ट,
धुराचा वास पोटात घेऊन गूळ होत होता.

आमच्या गावात ह्याच झाडाखाली
माझा मोठा बाप अर्धं आयुष्य झिंगून निजला.
हे झाड गोडही होतं
हे कोणी सांगितलंच नव्हतं.
उजाडायच्या आत उतरवावं लागतं, एवढंच.

देवांगनाला मोमो खायचे होते, मोबाईलात पाहिलेले.
गोठणगावाकडचा रस्ता, दोन्ही अंगांनी जंगल,
मग अचानक सागाच्या झाडांना बांधलेल्या
पाच रंगांच्या पताका.
पहिल्या हॉटेलाला कुलूप.
दुसऱ्याला कुलूप, आणि पायरीवर झोपलेलं कुत्रं.

ओट्यावर एक म्हातारी माळ ओढत होती. चोडोन तिचं नाव.
"पोट्टे सप्पा गेले स्वेटर इकाले,"
ती चक्क आमच्या बोलीत म्हणाली,
"थंडीत इथं कोण राह्यते?
म्या अन् कुत्रे."
मग जवळ बोलावून माझा स्वेटर चाचपला,
उलटा करून शिवण पाहिली.
"आमच्यातलाच होय. केवढ्याले?"
"साडेचारशे."
"महाग देल्ला पोट्ट्यानं."
आणि वरचे पैसे परत करायचे असल्यासारखी
उठून गॅस पेटवायला आत गेली.

कणकेचे पट्टे तोडतोडून रश्श्यात टाकलेले,
मुळा, आलं, वर वाफ.
"हे तं चिकोल्या होत!" देवांगना ओरडली.
"थेन्थुक," म्हातारी म्हणाली.
"चिकोल्या."
"थेन्थुक."
वाट्या रिकाम्या होईपर्यंत हे चाललं.
वरून सांबार टाकायचा की नाही
ह्यावर मात्र वाद झाला नाही.

चहा खारट होता, लोण्याचा.
देवांगनाने घोट गालात धरून
माझ्याकडे असं पाहिलं, की मीच तिला फसवलंय.
गिळला मात्र.
निघताना अर्धा गूळ चोडोनच्या हातावर ठेवला.
तिने खडा दाढेखाली सरकवला
आणि माळ जिथं थांबली होती तिथून सुरू केली.

परतताना काटा लाल रेघेवर टेकला होता.
शेवटचा उतार स्कुटी बंद करूनच उतरलो.

मोठा बाप अंगणात खाटेवर.
"कोठी गेलत्या?"
मी काही न बोलता गुळाचा तुकडा दिला.
त्याने चघळला. थांबला.
बोटं नाकाशी नेऊन हुंगली.
"उसाचा नाई हा."
"नाही."
बराच वेळ जीभ टाळ्याला लावून बसला,
मग हळू आवाजात विचारलं,
"कोण्या झाडाचा?"