टाचणी अजून खालीच आहे

आमच्या घरात फोन एकच, तोही माझ्याकडे,
म्हणून तक्रारी मलाच वाचाव्या लागतात.
"इथे हॉटेल नाही. चिखल आहे. एक घोडा आहे."
पाचापैकी एक तारा.
आई बटाटे किसत होती. मान वर न करता म्हणाली,
"घोडा आपलाच. तेवढं तरी लिही त्याला."

चिलोएच्या या खाडीत
आजोबांनी भरतीच्या रेषेला खेटून घर बांधलं,
आणि अलीकडच्या हिवाळ्यांत पाणी
उंबऱ्यापाशी येऊन
ओळखीच्या कुत्र्यासारखं हुंगून जायला लागलं.
मग मागच्या फेब्रुवारीत मिंगा केली.
काचा उतरवल्या, चूल बाहेर काढली,
घराखाली ओंडके सरकवले,
बैलांच्या सहा जोड्या लावल्या
आणि उरलेलं गाव दोराला.
घर दोन दिवस टेकडी चढत होतं.
पहिल्या संध्याकाळी पाऊस आला, ओंडके निसरडे झाले,
आणि घर अर्ध्या चढावर थांबलं,
एउसेबियो बार्रियाच्या बटाट्याच्या वावरात.
आई त्या रात्री तिथंच झोपली,
तिरक्या पलंगावर, कुशीखाली उशी कोंबून.
घराला एकटं कसं सोडायचं, म्हणे.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
फिरले ना.
वासे, दार, पाहुण्यांच्या तीन खोल्या,
'राहायची सोय, गरम पाणी' ही पाटी,
भिंतीतली माझ्या उंचीची खूणसुद्धा वर आली.
टाचणी तेवढी आली नाही.

त्या टाचणीवर माणसं येतात.
सायकली खांद्यावर घेऊन आलेलं एक जर्मन जोडपं,
ल्योंची एक बाई, पायात पांढरे बूट.
ओहोटीच्या गाळात घोट्यापर्यंत उभी,
आणि तिच्या हातातून आवाज:
"आपण मुक्कामी पोहोचला आहात."
आई टेकडीवरून चादर हलवायची.
बाईला वाटलं, कुणीतरी कपडे वाळत घालतंय.

मी अर्ज भरला.
व्यवसाय दुसऱ्या जागी हलवला आहे का? होय.
नव्या इमारतीचा फोटो जोडा. जोडला.
चार दिवसांनी उत्तर: ही तर जुनीच इमारत दिसते.
आता काय सांगायचं?
पुन्हा अर्ज केला, तर आमच्या नावाखाली
लाल अक्षरात उमटलं, 'कायमचे बंद'.
आईनं चष्मा लावून ते वाचलं,
चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं,
"मग हे कुणासाठी शिजतंय?"

रविवारी प्रार्थनेनंतर, चर्चच्या ओट्यावर,
जिथं सिग्नलच्या दोन काड्या येतात,
तिनं सगळ्यांना थांबवलं.
दोराला होते तेच लोक,
थोडे जास्त केस पिकलेले, एक बाळ नवीन.
"एदुविनाचं घर वर आहे का खाली?" तिनंच विचारलं,
स्वतःचं नाव परक्यासारखं घेऊन.
मी दाखवलं कुठं दाबायचं.
दोन मुलींनी आधी स्वतःचे फोटो काढून घेतले.
म्हाताऱ्या सेगुंदोकडे फोन नाही,
त्यानं नातीच्या फोनवर अंगठा असा रेटला
की जणू ओंडकाच सरकवतोय,
आणि सवयीनं ओरडला: "ओढाऽ!"
सगळे हसले, पण दाबलं सगळ्यांनी.
चौतीस जण. मी मोजले.
मिंगाला जेवण घालावंच लागतं,
म्हणून आईनं मिलकाओ तळले आणि सफरचंदाची दारू काढली,
आणि त्या महिन्यातली आमची सगळी कमाई,
जी मुळात काहीच नव्हती, संपली.

मंगळवारी टाचणी हलली.
चिखलातून निघाली, वाट चढली,
आणि अर्ध्यावर, बार्रियाच्या वावरात,
थांबली.

मी शिव्या घातल्या. लाल अक्षरं गेली होती, ते खरं,
पण पुन्हा अर्ज, पुन्हा फोटो, पुन्हा चौतीस जण.
आईनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.
"असू दे," म्हणाली, "पाऊस लागला असेल.
मागच्या वेळीही इथंच थांबलं होतं."
मग रबरी बूट चढवले, कंदील घेतला
आणि वावराकडे उतरायला लागली.
सात-वीसची फेरी धक्क्याला लागत होती.