अपन

सदतीस क्लिपा. लाख फोडल्याचा पंचनामाही मीच टाइप केला.
आदेश असा की शब्द न् शब्द उतरवावा,
खोकला आला तर कंसात खोकला,
गर्दी ओरडली तर कंसात गर्दी.

आवाज ओळखायला मला तज्ज्ञ नको होता.
शकेब. बुंदू मिस्त्रीचा मधला.
इंदूरच्या जिल्हा कोर्टात, कडुनिंबाखाली
बाप आमची टाइपरायटरं उघडायचा
आणि हा, नऊ-दहा वर्षांचा, रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशाने
अक्षरांच्या पोटातली शाई खरवडायचा.
"बाई, आपका ध फिर अंधा हो गया."

मग कॉम्प्युटर आले. मिस्त्रीने पेटी आवरली.
ह्यावरून कुणी काही सिद्ध करू नये.
त्या झाडाखालचे सगळेच मिस्त्री बेकार झाले,
एक पंक्चर काढतो, एक नोटरीशेजारी स्टॅम्प विकतो,
माणसं मारा असं त्यांतलं कुणी म्हटलं नाही.

पहिल्या क्लिपांत तो जवळजवळ माझ्याच मनातलं बोलतो:
व्याज, नशेच्या गोळ्या, नाल्याकाठी पडलेली पोरं,
हुंड्यात मागितलेली मोटरसायकल.
"अपन लोग सो रहे हैं, भाई."
अपन. इंदूरचा शब्द.
मी टाइप करते हिंदीत, ऐकते मराठीत, जन्माची खोड,
आणि 'अपन'चं 'आपण' व्हायला काहीच कष्ट पडत नाहीत.
ऐकणारा त्यात, मी त्यात,
मागे शिट्टी देणारा कुणाच्या घरचा कुकर, तोही त्यात.

चौदाव्या क्लिपेत अपन नाही.
तीनदा मागे नेऊन ऐकलं.
आता 'हम' आहे, घोटलेला, कुठून तरी बाहेरून आणलेला,
आणि माझं बोट कळफलकावर अडतं:
आपण, की आम्ही?
हिंदीला हा प्रश्न पडत नाही.
मराठीत तिथे दार आहे.
मी मनात 'आम्ही' म्हटलं आणि ते लागल्याचा आवाज झाला.
सोळाव्यात 'वो' आले.
बाविसाव्यात, त्यांचं काय करायचं ते.
ते मी उतरवलं. इथे उतरवणार नाही.
कुकर तेव्हाही वाजत होता.

जेवणाच्या सुट्टीत पेशकार बर्वे म्हणाले, "हे लोक असेच."
'हे' म्हणजे कोण, मी विचारलं नाही. डबा उघडला.
माझं ते गप्प बसणं कुठल्याच क्लिपेत नाही.

साक्षीदार क्रमांक नऊ, कनीजबी.
मुलगा अरीब, एकोणीस, पॉलिटेक्निकचा,
सदतीसही क्लिपा त्याच्या फोनात.
देवास नाक्याकडच्या भाड्याच्या खोलीत
काहीतरी जोडता जोडता गेला,
आणि वरच्या मजल्यावर शिकवणीला आलेली एक मुलगी.
"पहले उस बच्ची का नाम लिखो," कनीजबी म्हणाली.
ईशिता चौरे. मी लिहिलं.
बचावाच्या वकिलाने विचारलं, जबानीसाठी कुणाचा दबाव?
"मेरे घर में अब बचा कौन है, साहब, दबाने को?"

जन्मठेप सुनावली त्या दिवशी
आरोपीच्या म्हणण्यासाठी मी दहा ओळींची जागा सोडली होती.
"हमें कुछ नहीं कहना."
एक ओळ पुरली.
माझ्याकडे त्याने पाहिलं असेल, मी 'ध' शोधत होते
जो त्या वाक्यात नव्हताच.

व्हरांड्यात बाक एकच.
एका टोकाला बुंदू मिस्त्री, तळहात मांडीवर उलटे टाकून,
दुसऱ्या टोकाला कनीजबी. मधे तिची पाण्याची बाटली.
झाडूवाला आला, पाय उचला म्हणाला,
दोघांनी उचलले.
पाच वाजून गेले. मी पर्स काखेत मारून जिन्याशी थांबले,
का ते माहीत नाही.

ती उठली, पायानेच चप्पल चाचपडत,
त्याच्याकडे न बघता म्हणाली,
"खजराना के दो सौ माँगेगा रिक्शेवाला.
अपन एक ही कर लें, मिस्त्री?"