बोट ठेव

घणसोली, सेक्टर नऊ. जिन्याखालची खोली.
पूर्वी इथे खेळाचं सामान असायचं,
दमट दिवसांत भिंतीला अजून चामड्याच्या चेंडूचा वास येतो.
एक खाट, दोन किलो जास्त दाखवणारा वजनकाटा,
फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या आणि वासंतीमावशींचं ताक.

रबाळ्याकडून वारा फिरला की मला आधी कळतं.
कंपन्यांचा तो आंबूस, गोडसर वास,
आणि दहा मिनिटांत जिन्यावर धाप लागलेली पावलं:
सातवीची अफ्रीन, आठवीचा जोएल,
पाठोपाठ छोटा घरत. त्याचा पंप दप्तरात,
दप्तर रिक्षात, रिक्षा एव्हाना गोठिवलीला.
म्हणून कपाटात दुसरा, डॉक्टरांची चिठ्ठी डकवून.
"खांदे सोड. ओठ शिट्टी वाजवल्यासारखे. घाई नाही."
घाई मलाच असते. चेहऱ्यावर येऊ देत नाही.

ताप हाताला कळतो, पण हातावर कुणी विश्वास ठेवत नाही,
म्हणून काखेत थर्मामीटर, म्हणून फोन.
"एकशे दोन आहे. घेऊन जा."
पलीकडे मशीनचा आवाज.
"मॅडम, चारपर्यंत चालवून घ्या ना, आज सुपरवायझर आधीच…"
चालवून घेते. ओली पट्टी, पाण्याचे घोट,
दर अर्ध्या तासानं पुन्हा पारा.
झोपलेल्या पोराचे बूट खाटेखाली जोडीनं लावून ठेवते.
त्याचा उपचाराशी काही संबंध नाही.

पोटदुखीला माझा एकच प्रश्न: बोट ठेव.
बेंबीवर ठेवलं तर बहुतेक गणित,
नाहीतर न उघडलेला डबा,
नाहीतर काल रात्री घरात काहीतरी झालेलं.
बोट बेंबीपासून जितकं लांब
तितकी मी खुर्ची पुढे ओढते.

पाचवी ब चा निमिष ठोंबरे, दर बुधवारी, तिसऱ्या तासाला.
बोट अगदी मधोमध, घरी सराव केल्यासारखं.
आई महापेला, मंगळवारी तिची रात्रपाळी,
धाकटी उठली की दूध कोमट करून तोच देतो.
हे त्यानं नाही सांगितलं. त्यांच्या रिक्षावाल्यानं सांगितलं.
मी वहीत लिहायचे: पोटदुखी. वीस मिनिटं विश्रांती. वर्गात परत.
वर्गशिक्षिका म्हणाल्या, नाटकं करतो, तुम्ही लाडावून ठेवलाय.
म्हटलं, असेल.

मार्चमध्ये एका बुधवारी आला नाही.
गुरुवारी आला, दुसरीतल्या एका मुलीचा हात धरून.
ती रडत नव्हती. कमरेत किंचित वाकून चालत होती.
"सिस्टर, मी हिला विचारलं. बोट ठेव म्हटलं.
बेंबीवर नाही ठेवलं हिनं. इथे ठेवलं."
आणि स्वतःच्या शर्टावर, उजवीकडे, खाली,
नेमकी ती जागा त्यानं मला दाखवली.

एक उडी मार म्हटलं, तर तिनं नुसती मान हलवली.
मग फोन, पुन्हा फोन, रिक्षा,
ऐरोलीचा न संपणारा सिग्नल,
तिची रिबीन माझ्या घड्याळात अडकलेली.
रात्री नवाला तिच्या बाबांचा मेसेज आला:
शब्द नाहीत, जोडलेले हात, तीनदा.

पुढचा बुधवार. तिसरा तास. दारात निमिष.
मी विचारायच्या आत त्यानं बोट उचललं,
बेंबीपर्यंत नेलं,
आणि हात खिशात घातला.
"पोट नाही दुखत. झोप येते फक्त."

वहीत एक रकाना तक्रारीचा, एक उपचाराचा.
दोन्हींत मी तोच शब्द लिहिला,
बूट खाटेखाली लावले.
दाराबाहेर कुणाचा तरी गुडघा फुटला होता.