माप

एमलिनने चाकं भिंतीला टेकवून ठेवलीत,
दोन पंधरा इंची, दोन सतरा.
"उचलून बघ, बाख," म्हणतो.
बाख म्हणजे त्याच्या भाषेत बारके.
मी सत्तावन्न वर्षांची.

सतरावालं देखणं. आरे लांब, सडपातळ,
वजन भरल्या कळशीचं.
पंधरावालं एका हाताने उचललं जातं,
दिसायला जर्मनच्या डब्यासारखं.
तुलना खोटी आहे, ह्याच्यावर टायर चढवलाय,
त्याच्यावर नाही. एमलिन धूर्त.
मला अर्थातच सतरावालं हवंय.

गाडी बाहेर उभी, छप्पर मागे दुमडलेलं,
पोट स्वान्सीच्या डांबराला टेकेल इतकी बसकी.
शेजारच्या रीसने ती खाली आणली,
वर्षभर पगारातून स्प्रिंगा साठवत.
मग बाळ झालं. दोन सीटांच्या गाडीत
बाळाची खुर्ची बसवायची तर बायको कुठे बसणार?
किल्ली देताना तो माझ्याशीच बोलत राहिला,
गाडीकडे बघितलं नाही.

एमलिन चाकावरच्या कमानीत बोटं घालतो.
एक जातं. दुसरं अडतं.

हे मी पाहिलंय.
फलटणला आमचं कासाराचं दुकान,
अण्णा गिऱ्हाइकाचा अंगठा तळव्यात दुमडायचे,
बोटांची मोळी करून दाबून बघायचे
आणि म्हणायचे, दोन-चार.
बाई म्हणायची, छे, मला दोन-दोन येते,
लग्नात येत होती.
अण्णा वाद घालत नसत. साबण लावायचे.
"हात ढिला सोडा, बाई."
तिसऱ्या बांगडीला, डोळ्यांत पाणी आणून,
बाई स्वतःच म्हणायची,
दोन-चार द्या.

एमलिन आकडे पाढ्यासारखे म्हणतो:
एकशे पंच्याण्णव, पन्नास, पंधरा.
दोनशे पाच, चाळीस, सतरा.
आधी रुंदी, मग रबराची उंची, शेवटी आतला घेर.
"सतराला रबर पातळ, बाख. खड्डा पडला
की थेट माकडहाडाला कळेल."
माकडहाडाचे फोटो मी इस्पितळात रोज काढते,
मला काय सांगतोस.
"आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलंस तर आत घासेल.
कमानीची कड मुडपता आली असती,
पण तिला गंज लागलाय, समुद्राचा."
घासू दे थोडं, मी म्हणते.

तो वाद घालत नाही.
पुढची दोन्ही सतरा बसवतो, जॅक सोडतो.
"जा, टेकडी चढून ये."

चढावर वारं कानात, केस तोंडात,
आणि दुकानाच्या काचेत दिसलेली मी,
हिरव्या गाडीत, चाकं अशी भरलेली,
देवा, काय दिसत होतो आम्ही.
शाळेपुढच्या उंचवट्यावर दात दातांवर आपटले.
वळणावर आतून खर्रर,
जळका तवा खरवडावा तसं.
मी रेडिओ मोठा केला.
पुढच्या वळणावर पुन्हा.
उतारावर एक म्हातारा कुत्र्याला थांबवून
आवाज कुठून येतोय ते बघत होता.

"घासलं?" एमलिन विचारतो.
फारसं नाही.
"मग?"
पंधरा द्या.

तो नवे टायर घेतो, कडेला ब्रशने
साबणाचं पाणी लावतो.
मी जवळ जाऊन बघते. खरंच साबण.
रबर कुरकुरतं, वळतं, अर्धं आत, अर्धं बाहेर.
मग हवा भरू लागते,
आणि अचानक धाड! कड जागेवर बसल्याचा आवाज,
नव्या टायरला हा होतोच म्हणे.
पण माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं,
"वाढली."
फुटली म्हणायचं नसतं आमच्यात,
काच हातात फुटली तरी.
"काय म्हणालीस?"
काही नाही. दुसरा लाव.

संध्याकाळी रीस बाबागाडी ढकलत आला.
थांबला. वाकून कमानीत बोटं घातली,
एक, दोन. दोन्ही गेली.
बाळ झोपलेलं.
"सतरा शोभली असती," तो म्हणाला.

हो ना, मी म्हटलं.