बारा व्होल्ट

खडेबाजारात, चन्नाप्पांच्या काउंटरवर दोन पंप.
एक मिनिटाला अकरा लिटर ओढणारा,
दुसरा चार.

मोठा चालू केला तसं
बिलबुकावरचं पेन थरथरत कडेला आलं.
"प्रेशर बघा की री!"
मी मनात टाकी मोजली:
मागच्या सीटखाली चाळीस लिटर.
तोंड धुवायला वाकलो की
चार मिनिटांत खडखडाट,
आणि कारवार अजून लांब.

धाकटा बादलीत सोडला.
ऐकायला कान न्यावा लागला खाली.
"याचा आवाज बाळ इल्ल," चन्नाप्पा म्हणाले.
बाळ म्हणजे त्यांच्यात पुष्कळ.
आमच्यात बाळ म्हणजे बाळ.
सुगंधा बाहेर ओम्नीत बसलेली,
काच खाली.
तिला कानडी येतं, माझ्याहून चांगलं.

अँपिअर विचारले. पाचचा फ्यूज घेतला.
जाळी विसरलो, अर्ध्या रस्त्यातून परत गेलो.
पन्नास रुपये सोडायला तयार नव्हते,
तीस सोडले.

पेपरात गुंडाळलेला पंप
तिच्या मांडीवर दिला.
"एवढासाच?" म्हणाली.
मागं जागा होती, पिशवी होती.
जांबोटी येईपर्यंत
तिनं तो खाली ठेवला नाही.